फिकट पिवळ्या ओळी

दादाने माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि ती मी दिली नाही. फार मोठी गोष्ट नव्हती. एक रंग जरा गडद करायचा होता.

हे नीट सांगायचं तर आधी आमचं काम सांगायला हवं, आणि आमचं काम सांगायला लागलं की लोक जांभया देतात. तरी सांगते. आमची कंपनी इस्पितळातल्या पंपांचे प्रोग्राम लिहिते. पेशंटच्या खाटेशेजारी उभा असतो ना, नळीतून औषध थेंबथेंब सोडणारा, तो पंप. प्रोग्राम म्हणजे शेवटी मजकूरच, ओळींखाली ओळी. कोणी त्यात काही बदललं की जुनी फाइल डावीकडे, नवी फाइल उजवीकडे ठेवायची, काय बदललं ते दुसऱ्या माणसाने पाहायचं आणि मग सही करायची. त्या सहीशिवाय एक स्वल्पविरामसुद्धा पंपात जात नाही. दोन फाइली शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक रंगवून दाखवणारा जो प्रोग्राम आम्ही वापरतो, तो माझा. मीच बनवला, मीच सांभाळते. आणि सही करणारा माणूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होते. माझ्या वह्यांना कव्हरं त्याने घातली आणि प्रगतिपुस्तकावर सह्याही त्यानेच केल्या. सही करण्याआधी तो प्रत्येक आकडा वाचायचा. एकदा बाईंनी गणिताच्या बेरजेत चुकून मला दोन मार्क जास्त दिले होते, तर हा पठ्ठ्या माझा हात धरून शाळेत गेला आणि ते दोन मार्क कमी करून आला. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र रोज सकाळी माझी वेणी घालून देत होता, तीही समोरून मागून दोनदा तपासून.

ऑफिसात त्याला 'गाळणी' म्हणत. त्याच्यातून काही निसटत नाही म्हणून. नवीन माणूस लागला की त्याला आधी स्वच्छतागृह कुठे ते दाखवायचे आणि मग गाळणी कुठे बसते ते. दादाला हे नाव आवडायचं. त्याच्या टेबलावर कोणीतरी खरोखरची चहाची गाळणी आणून ठेवली होती, तिच्यात तो टाचण्या ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांना टापटिपीचा झटका आला. त्यांनी फतवा काढला की कुठलीही फाइल साठवताना ती आपोआप नीटनेटकी झाली पाहिजे. ओळींच्या आधीची मोकळी जागा सारखी, कंस एका रांगेत, सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. दिसायला छान होतं. पण कोणी एक शब्द बदलायला जुनी फाइल उघडली की सहाशे ओळी जागच्या हलायच्या, आणि माझा प्रोग्राम इमानदारीने त्या सहाशेही ओळी लाल करायचा. त्यात खरा बदल कुठला, ते शोधता शोधता लोक रडकुंडीला यायचे. सगळंच लाल असलं की काहीच लाल नसतं. तक्रारींचा नुसता पाऊस पडला.

मग मी सुधारणा केली. बदलाला वजन लावलं. ओळीचा विसावा हिस्सा किंवा त्याहून कमी बदलला असेल तर ती ओळ फिकट पिवळी. त्याहून जास्त असेल तर डावीकडे गडद लाल, उजवीकडे गडद हिरवी. मोकळ्या जागेची हलवाहलवी सगळी पिवळ्यात गेली आणि पडदा एकदम शांत झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मला काचेची एक ढाल दिली. मीही दोन दिवस हवेत होते.

आता यातली गोम सांगते. लहान बदल म्हणजे किरकोळ बदल, असं मी गृहीत धरलं होतं. एका ओळीत मोकळी जागा सरकली आणि दुसरीत एक आकडा बदलला, तर माझ्या प्रोग्रामच्या लेखी दोन्ही सारखेच फिकट. मोकळी जागा बाजूला काढून उरलेलं एकेक अक्षर दाखवणं मला जमलं नसतं असं नाही. डोक्यात होतं. पुढच्या खेपेला करू म्हणून ठेवलं होतं.

ढाल मिळाली त्याच आठवड्यात रविवारी मी दादाकडे जेवायला गेले. तो चहा ओतत होता, आणि ओतताना त्याने डाव्या हाताचं बोट कपात, काठाच्या आत घातलं होतं.

"शी! दादा, बोट कशाला बुचकळतोस?"

"भरला का ते कळतं गं."

"डोळ्यांनी कळत नाही का? मी नाही पिणार तो चहा."

वहिनीने तो कप उचलला आणि स्वतःकडे घेतला. दादा हसला आणि मग म्हणाला, "तुझं ते नवीन काम छान झालंय. फक्त तो पिवळा जरा गडद करता येईल का?"

"का? काय झालं त्याला?"

"काही नाही. मला पांढऱ्यात आणि त्याच्यात फारसा फरक वाटत नाही."

मी म्हटलं, बघते. ऑफिसात मागण्यांची यादी असते, तिच्यात ते टाकलं. एकेचाळिसावा नंबर. पंधरा दिवसांनी त्याने जिन्यात पुन्हा विचारलं. महिन्याने माझ्या टेबलाशी आला, आजूबाजूला चार जण असताना, आणि हळूच म्हणाला, "ए शहाणे, त्या रंगाचं काय झालं?"

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी मान वर न करता म्हटलं, "दादा, एवढ्या सगळ्यांना दिसतं, तुलाच कसं दिसत नाही? चष्म्याचा नंबर वाढवून घे."

चौघेही हसले. दादाही हसला. "म्हातारा झालो गं," म्हणाला आणि गेला. मी त्याच वेळी यादी उघडली, एकेचाळीस नंबरसमोर 'किरकोळ, गरज नाही' असं लिहिलं आणि मागणी बंद केली. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, पटलं एकदाचं.

त्यानंतर काही महिन्यांनी पंपाच्या भोंग्याची फाइल बदलायला निघाली. आमच्याकडे पंपाचं काम करणारा एक गृहस्थ आहे, त्याला सगळे पंपवालाच म्हणतात. औषधाची नळी कुठे दबली, वाकली, तर पंपाने तीस सेकंद वाट पाहायची आणि मग भोंगा वाजवायचा, असा नियम. पंपवाल्याला त्याच फाइलीत दुसरंच काहीतरी दुरुस्त करायचं होतं. चाचणीच्या खोलीत त्याचा पंप दर अर्ध्या मिनिटाला बोंबलायला लागला. शेजारच्या खोलीतले लोक दोनदा येऊन भांडून गेले. तेव्हा कटकट नको म्हणून त्याने तात्पुरतं तिसाचं तीनशे केलं. एक शून्य. काम संपलं, फाइल साठवली, फाइल आपोआप नीटनेटकी झाली. शून्य काढायचं राहिलं. चाचण्या होत्या की. पण त्या 'भोंगा वाजतो का' एवढंच विचारायच्या. 'कधी वाजतो' ते विचारायच्या नाहीत.

फाइल दादाकडे आली. सहाशे बारा ओळी फिकट पिवळ्या, नऊ ओळी लाल-हिरव्या. त्या नऊ ओळींवर दादा तीन तास बसला, पंपवाल्याला दोन प्रश्न विचारले, एक चूक शोधून दुरुस्त करायला लावली आणि सही केली. तीनशेची ओळ पिवळ्यांमध्ये होती.

मग चार महिने काहीच झालं नाही. आणि मग एका इस्पितळात एका पेशंटची नळी खाटेच्या कठड्यात दबली. रक्तदाब धरून ठेवणारं औषध होतं. पंपाने अर्ध्या मिनिटात ओरडायचं, तो पाच मिनिटांनी ओरडला. खाटेवर एक बाई होती. तिला दोन मुलं होती, एवढं आमच्या कानावर आलं. नाव कोणी सांगितलं नाही.

ती गेली.

ते कळलं त्या दिवशी ऑफिसात कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. पंपवाला रजेवर गेला तो परत आलाच नाही. दादा मात्र रोज वेळेवर येऊन बसायचा, समोर ती फाइल उघडून. मी दोनदा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा तशीच परत आले. तिसऱ्या दिवशी टेबलावरची गाळणी नाहीशी झालेली दिसली. कोणीतरी जिन्यात म्हणालं होतं की गाळणीला भोक पडलं, आणि ते त्याच्या कानावर गेलं असावं.

चौकशीला बाहेरून एक बाई आल्या. शांत आवाजाच्या, कोणावर न चिडणाऱ्या. त्या येण्याआधी साहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"हे बघा, तुम्हाला विचारतील तेवढंच बोला. फरक तुमच्या प्रोग्रामने दाखवला होता की नाही?"

"दाखवला होता. पण साहेब, रंग..."

"दाखवला होता. झालं तर मग."

मला ते सोयीचं वाटलं, हे कबूल करायला हवं. आपण खोटं बोलत नाही आहोत, असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं.

चौकशी मोठ्या सभागृहात झाली. भिंतीएवढा पडदा, खिडक्यांना पडदे, प्रकाश बेताचा. दादा पहिल्या रांगेत बसला होता. मी फाइल उघडली आणि ती ओळ पडद्यावर आणली. एवढ्या मोठ्या पडद्यावर तो पिवळा अगदी व्यवस्थित दिसत होता. शेवटच्या रांगेतूनसुद्धा.

बाईंनी विचारलं, "या ओळीत बदल झालाय, हे दिसतंय?"

"दिसतंय."

"त्या दिवशीही असंच दिसत होतं?"

"हो. असंच."

"हा रंग दिसत नाही, अशी तक्रार कधी कोणी केली होती?"

मी दादाकडे पाहिलं. तो माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवून बसला होता. एकेचाळीस नंबर माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. देवाशपथ आला होता. तेवढ्यात दादाच म्हणाला, "बाई, तिचा प्रोग्राम बरोबर आहे. दोष माझा आहे. मी घाईत होतो. त्या ओळी मी पाहिल्याच नाहीत."

घाईत. माझा दादा. ज्याने माझे दोन मार्क कमी करायला मला उन्हातून शाळेत नेलं, तो.

बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्याकडे परत वळून म्हणाल्या, "तुम्ही बसा." आणि मी बसले.

अहवालात 'निष्काळजीपणा' हा शब्द आला. दादाचं नाव आलं. माझ्या प्रोग्रामबद्दल एक वाक्य होतं: साधन निर्दोष. महिनाअखेरीस दादा घरी बसला. बत्तीस वर्षं जिथे त्याने स्वल्पविराम सोडला नाही, तिथून निघताना त्याला दारापर्यंत पोचवायला मी एकटी होते. त्याने माझा खांदा धरला होता. मला वाटलं, माया आहे म्हणून धरलाय.

पुढच्या रविवारी वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"तुला खरंच कळलं नाही का गं?" ती म्हणाली. "की कळून घ्यायचं नव्हतं?"

"काय कळायचं?"

"तीन वर्षं झाली त्यांचे डोळे जायला लागून. आतली नस सुकत चाललीय म्हणतात डॉक्टर. आधी फिकं जातं, मग कडेचं जातं, मग सगळंच. परत येत नाही. बोट घालून चहा ओततात ते काय हौस म्हणून?"



"मग सांगितलं का नाही? मला तरी?"

"तुला सांगितलं की. तीनदा सांगितलं. त्यांच्या भाषेत सांगितलं. घरी येऊन मला म्हणाले, रंग गडद झाला ना, की दोन वर्षं निघतील माझी. मग एक दिवस म्हणाले, राहू दे, तिला कामं फार असतात."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. त्याच्यावर ओरडायचं होतं. डोळे जात असताना तो सही करत होता, हे त्याचं चुकलंच, त्याला मी पाठीशी घालणार नाही. पण तो निदान विचारत तरी होता. मी तर त्याचं विचारणंच बंद करून टाकलं होतं, तेही लेखी.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि एकेचाळीस नंबर त्यांच्यापुढे ठेवला. तारखांसकट. माझ्या शेऱ्यासकट. दादाच्या डोळ्यांचंही सांगितलं. म्हटलं, हे चौकशीच्या बाईंना पाठवा, नाहीतर मी पाठवते.

साहेबांनी सगळं वाचलं. चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नाही तो.

"पाठवा," म्हणाले. "पण आधी विचार करा. आत्ता ते निष्काळजी ठरलेत. एका दिवसापुरते. तुम्ही हे पाठवलंत की त्या विचारतील, का दिसत नव्हतं? मग डोळ्यांचं निघेल. मग ते तीन वर्षं लपवून सह्या करत होते हे निघेल. त्या तीन वर्षांतल्या प्रत्येक सहीवर बोट ठेवतील. निष्काळजी माणसाला लोक विसरतात हो. यांना कोर्टात उभं करतील."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय? तुम्ही एक रंग बदलला नाहीत, एवढंच."

मी तो कागद घेऊन परत माझ्या टेबलाशी आले. संध्याकाळपर्यंत तो समोर ठेवून बसले. खरं बोलले तर दादा आणखी खड्ड्यात, नाही बोलले तर तो होता त्याच खड्ड्यात. मला वाचवायला तो जे खोटं बोलला होता, ते आता त्यालाच वाचवत होतं आणि ते मोडायची सोय त्याने ठेवली नव्हती. मी कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. अजून तिथेच आहे.

मग मी सुधारणा केली. खरी सुधारणा. मोकळ्या जागेची हलवाहलवी पूर्ण बाजूला काढली, ती आता रंगतच नाही. उरलेल्या ओळीत जे अक्षर बदललं तेवढ्याभोवती जाड निळी चौकट, आणि आकडा असेल तर चौकट काळी आणि अक्षर दुप्पट मोठं. त्याला अडीच दिवस लागले. नुसता रंग गडद करून पाहायला किती लागतात म्हणून घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं.

भोंग्याची ती फाइल नव्या प्रोग्राममध्ये उघडली. सहाशे एकवीस ओळींपैकी सहाशे अकरा पांढऱ्या. दहा रंगीत. आणि त्यातल्या एकीत काळ्या चौकटीत मोठं शून्य. आंधळ्यालाही दिसेल, असं मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आली.

शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन दादाकडे गेले. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, ऑफिसला निघाल्यासारखा. शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती. वहिनी बाजारात गेली होती.

"दादा, केलं रे. तू सांगितलेलं."

"काय?"

"तो रंग."

तो उठून सरळ बसला. चेहरा असा उजळला की मला तिथे बघवेना. "बघू, बघू," म्हणाला आणि चष्मा चाचपून घातला. मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला, पडदा त्याच्याकडे वळवला, उजेड पुरा केला. काळी चौकट पडद्याच्या अगदी वर, उजव्या बाजूला होती.

तो वाकला. नाक जवळजवळ पडद्याला लागलं. बराच वेळ तसाच राहिला, ओठ हलवत, पूर्वी माझ्या प्रगतिपुस्तकावर हलवायचा तसेच.

"वा," तो म्हणाला. "आता कसं स्वच्छ दिसतं. हे आधी असतं तर काय हवं होतं गं."

"दिसतंय ना?"

"दिसतंय की! न दिसायला काय झालं?" आणि त्याने उजव्या हाताचं बोट पुढे केलं, अंदाज घेत घेत पडद्यावर टेकवलं. खाली, डावीकडे, जिथे एकही ओळ नव्हती तिथे. "हे बघ. इथे. हाच ना तो?"

मी त्याच्या बोटाकडे पाहिलं. वर कोपऱ्यात ते शून्य काळ्या चौकटीत बसलं होतं.

"हो दादा," मी म्हटलं. "तोच."

त्याने समाधानाने मान हलवली आणि मांडीवरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी सरळ केला.

"चल, पुढची दाखव," तो म्हणाला.

मी पुढची दाखवली.